सरळ करून आणलेली आकाशगंगा

तात्यांनी फ्लेक्सची गुंडाळी सोडली आणि मी बसायला खुर्ची शोधली.

बारामतीतल्या आमच्या कॉलेजचा मोठा हॉल. सकाळची वेळ. विज्ञान प्रदर्शन थोड्या वेळात सुरू होणार होतं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. ते माझ्या टेबलामागच्या दोरीला फ्लेक्सचं एक टोक बांधत होते, दुसरं टोक वडिलांनी धरलं होतं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. दोघंही लासुर्ण्याहून मोटारसायकलवर आले होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, जणू एखाद्या साखरपुड्यालाच निघालेत. फ्लेक्स हळूहळू खाली उलगडत आला. आधी मथळा दिसला: 'शेजारच्या दीर्घिकांनी ओढून वाकडी झालेली सर्पिल दीर्घिका'. वाक्य माझंच होतं; दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह. मग चित्र दिसलं.

ती माझी दीर्घिका नव्हती.

माझ्या दीर्घिकेचा एक हात नीट गोल वळलेला होता, आणि दुसरा फेट्याचा शेमला सुटावा तसा लांबच लांब ओढला गेलेला होता. त्या शेमल्याच्या टोकाशी एक पुसट ठिपका आणि वरच्या अंगाला दुसरा. हे दोन ठिपके म्हणजे शेजारच्या दोन लहान दीर्घिका. त्यांनीच तिची ही दशा केली होती, आणि तेच तर मला सांगायचं होतं.

फ्लेक्सवर तो ओढलेला हात गायब होता. फ्लेक्सवाल्यानं चांगली बाजू तेवढी उचलली होती, आरशात दिसते तशी उलटी केली होती आणि दुसऱ्या अंगाला चिकटवली होती. डावीकडचा हात डावीकडं वर वळलेला, उजवीकडचा उजवीकडं वर वळलेला. मधोमध तेजस्वी गोळा. नाक आणि त्याच्या दोन्ही अंगांना पिळदार मिशा. दुसरं काही दिसतच नव्हतं.

आणि दोन ठिपक्यांच्या जागी दोन सोनेरी वर्तुळं. एकात तात्या, काळा गॉगल लावलेले. दुसऱ्यात आप्पा, आधारकार्डावरच्या फोटोतले. खाली मोठ्या लाल अक्षरांत: शुभेच्छुक.

मी खुर्चीवर बसलेच.

"कशी झाली?" तात्या म्हणाले. "पार चकाचक करून आणली बघ."

"तात्या, हे काय केलंय तुमी?"

"का? काय झालं?"

"माझी दीर्घिका कुठं गेली?"

"ही काय हितं." त्यांनी फ्लेक्सवरच्या मिशांवर हात ठेवला. "आगं, फ्लेक्सवाल्याच्या कम्पुटरवर बघितली तर एक अंग पार लोंबत होतं. म्हटलं, असं वाकडं कसं छापायचं? पुण्यास्नं माणसं येणार. आमच्या पोरीला साधी आकाशगंगा सरळ काढता येत न्हाय, असं म्हणतील. त्याला म्हटलं, बाबा, कर नीट. दोन डाग बी होते, ते बी काढले."

"ते डाग नव्हते, तात्या."

"मंग काय होतं?"

"शेजारी होते."

तात्या आप्पांकडं बघायला लागले. आप्पा फ्लेक्सचं टोक धरून तसेच उभे होते.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर तात्या वेडे वाटतील. ते वेडे नाहीत. आमच्या भागात लासुर्णे घ्या, सणसर घ्या नाहीतर काटेवाडी, कुठल्याही चौकात मान वर केली की फ्लेक्स असतोच. वाढदिवस, निवड, बक्षीस, बैलाचा पहिला नंबर. आणि फ्लेक्सवर कुणाचंही तोंड जसं आहे तसं छापायचं नाही, हा अलिखित नियम. काळ्याला गोरा करायचा, टकलावर केस आणायचे, डोळा तिरळा असेल तर गॉगल चढवायचा. फ्लेक्सवाल्यानं हे आपणहून केलं नाही तर लोक म्हणतात, त्याला काम येत नाही. तात्यांनी आयुष्यात असे कितीतरी फ्लेक्स करून घेतले होते. त्यांच्या लेखी छापायला दिलेली वस्तू सरळ करून घेणं हा प्रेमाचा भाग होता. आणि खाली शुभेच्छुक नसतील तर फ्लेक्सला अर्थच काय?

चूक माझीच म्हणायची तर एवढीच, की मी फाईल दुकानात पाठवली आणि घेऊन यायला तात्यांना सांगितलं. फोनवर बजावलं होतं, "तात्या, नुसता घेऊन या. काही बघू नका." पण छापायच्या आधी बघितलं नाही असा माणूस आमच्या घरात जन्मलेला नाही.

आता त्या दिवशी पणाला काय लागलं होतं, ते सांगते. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. मुलींमध्ये पहिली असं नव्हे, सगळ्या घरात पहिली. आप्पांची इच्छा होती मी बीएस्सी ॲग्री करावं, घरचा ऊस आहे, कळेल तरी काही. मी फिजिक्स घेतलं. तेव्हा घरात आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आप्पांनी जेवताना सांगितलं, "ह्या आभाळाच्या शिक्षणाचं पुढं काय, मला कळत न्हाय. पण ते पुण्याचं शिबिर म्हणतीस, त्यात तुझी निवड झाली तर एमएस्सी कर. न्हाय झाली तर मुकाट्यानं बीएड करायचं." मी म्हटलं, "चालंल." मला माझ्यावर विश्वास होता. खोटं कशाला सांगू, जरा जास्तच होता.

शिबिर उन्हाळ्यात, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत. तिथं खऱ्या दुर्बिणींची माहिती हाताळायला मिळणार होती. निवड या प्रदर्शनातून व्हायची. आणि परीक्षक यायच्या वेळेला माझ्या टेबलामागं मिशा लटकत होत्या.

त्या दीर्घिकेला नाव नव्हतं, यादीतला नुसता एक क्रमांक होता. आमच्या सरांनी ती मला दिली होती. दुर्बिणींनी काढलेली आकाशाची चित्रं आता कुणालाही बघायला खुली असतात, त्यातलंच एक. कॉलेजच्या लॅबमध्ये ते पडद्यावर पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी सरांना हाक मारली होती.

"सर, ही फाईल खराब झालीय. पुन्हा उतरवून घेऊ का?"

सर उठून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "फाईल चांगली आहे. दीर्घिकाच अशी आहे."

मला ते पटायला वेळ लागला. पुस्तकातली सर्पिल दीर्घिका म्हणजे रांगोळीतल्या भोवऱ्यासारखी, सगळीकडून सारखी. मला वाटायचं, एवढी मोठी गोष्ट, अब्जावधी ताऱ्यांची, तिला कोण हात लावणार? सरांनी सांगितलं, शेजारून दुसरी दीर्घिका गेली तरी पुरतं. धडक व्हावी लागत नाही. तारे एकमेकांपासून इतके लांब असतात की एक ताराही दुसऱ्यावर सहसा आपटत नाही. नुसती ओढ. जवळचा भाग जास्त ओढला जातो, लांबचा कमी, आणि कोट्यवधी वर्षांत हात असा लांबतो. त्या दिवशी एसटीनं घरी येताना भवानीनगर मागे पडलं, लासुर्णे आलं, तरी मी जागेवरून उठले नाही. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, उतरायचं का इंदापूरलाच न्यायचं?"

मग मी त्या दीर्घिकेच्या मागेच लागले. चित्र अर्धा फेरा फिरवायचं आणि मूळ चित्रातून वजा करायचं. दोन्ही अंगं सारखी असतील तर जवळजवळ काहीच उरत नाही. जे उरतं ते शेजाऱ्यांचं काम. माझ्या दीर्घिकेत भरपूर उरायचं. तिचा आकार मला झोपेतही काढता आला असता.

हे मला हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या आठवलं. काढता आला असता. मग काढू की!

"आप्पा, सोडा तो फ्लेक्स. खाली घ्या."

"फाडतीस काय?" तात्या घाबरले.

"पालथा घालते."

फ्लेक्सचं पोट एक दिवसाचं असतं, पण पाठ वर्षानुवर्षं कामाला येते, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. गोठ्यावर, वैरणीवर, पावसात गाडीवर, लग्नात पंगतीखाली. पाठ पांढरी असते. तिघांनी मिळून तो हॉलच्या फरशीवर पालथा घातला. आजूबाजूच्या टेबलांवरची मुलं बघायला लागली. मी शेजारच्या मुलीकडून काळा मार्कर घेतला, चप्पल काढली आणि गुडघ्यावर बसले. मध्याचा गोळा काढला, शेजाऱ्यांचे दोन ठिपके दिले. नीट वळलेला हात काढला. मग दुसरा हात काढायला घेतला आणि तो ओढतच नेला, फ्लेक्सच्या कडेपर्यंत. तात्या वर उभे राहून बघत होते.

"इतका वाकडा?" ते हळूच म्हणाले.

"इतकाच."

"बरं बाय. तुला ठावं."

तेवढ्यात आमचे सर आले. त्यांनी आधी मला बघितलं, मग फ्लेक्सचा कोपरा उचलून खालचं बघितलं. कोपरा पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाले, "बाजूला प्रमाणपट्टी काढायला विसरू नकोस." एवढंच. त्यांच्याबद्दलचा आदर त्या एका वाक्यानं दुप्पट झाला.

परीक्षक पुण्याहून आलेल्या एक बाई होत्या. केस आखूड, खांद्याला कापडी पिशवी, आणि बोलणं कमी. आधीच्या टेबलांवर त्या एक-दोन प्रश्न विचारून पुढं सरकत होत्या. माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा फ्लेक्स पुन्हा दोरीवर चढला होता, पाठ पुढं करून. मी बोलायला सुरुवात केली. फिरवणं सांगितलं, वजा करणं सांगितलं, मोबाईलवर मूळ चित्र दाखवलं. त्या मान डोलवत होत्या. मला वाटलं, निभावलं.

पण हॉलच्या त्या बाजूला मोठ्या खिडक्या होत्या. ऊन चढलं, खिडकीतून आत आलं आणि थेट फ्लेक्सच्या मागं पडलं. माझ्या काळ्या रेघांच्या आड मिशा दिसायला लागल्या. पुसट, पण मिशाच. त्यांच्याबरोबर दोन गोल चेहरे, एक गॉगलवाला.

बाईंनी चष्मा वर केला. "मागे काय आहे?"

सर दुसरीकडं बघायला लागले. तोंडाशी दहा खोटी उत्तरं आली. पण मला खोटं जमत नाही, आणि जमलं असतं तरी ऊन माझ्या बाजूनं नव्हतं.

"मागं चुकीची दीर्घिका आहे, मॅडम," मी म्हटलं.

"चुकीची म्हणजे?"

"फ्लेक्स करताना कुणीतरी ती सरळ केली."

"कुणी?"

चुलत्याचं नाव परक्या बाईपुढं कसं सांगू? मागून आवाज आला.

"म्या केली."

तात्या दोन पावलं पुढं आले. टोपी नीट केली. "मॅडम, तिचा काय दोष न्हाय. ती वाकडीच देत हुती. आमच्याकडं वाकडं छापत न्हाईत, म्हणून म्या सरळ करायला लावली."

हॉलमध्ये हसू उसळलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उलटा करा बघू."

फ्लेक्स उलटा झाला. मिशा पूर्ण दिसल्या. मी डोळे मिटून घेतले. आता सगळं संपलं, बीएड, असं मनाशी म्हणून मोकळी झाले. बाईंचा आवाज आला: "अशी दीर्घिका असू शकते का?"

मी डोळे उघडले. "नाही."

"का?"

आणि त्या 'का'नं मला पुन्हा माझ्या पायावर उभं केलं. मी म्हटलं, "तबकडी एकाच दिशेनं फिरते, मॅडम. भोवऱ्यासारखी. त्यामुळं सगळे हात एकाच बाजूला वळायला पाहिजेत. ही अर्धी इकडं फिरतेय आणि अर्धी तिकडं. अशी फिरायला लागली तर मधनंच तुटेल. ही आरशातून जुळवलीय. दीर्घिकेची अंगं आरशातून जुळत नाहीत, अर्धा फेरा फिरवून जुळतात. म्हणूनच आपण फिरवून वजा करतो, आरशातून नाही."

मी हे मघाशी सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. तात्यांनी मिशा छापून आणल्या नसत्या तर मी कधी सांगितलंही नसतं.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग पेन सोनेरी वर्तुळांकडं गेलं. "आणि हे कोण?"

तात्या ताठ झाले. "आमी शुभेच्छुक."

"खरं तर त्या जागी शेजारच्या दोन दीर्घिका आहेत," मी घाईनं म्हटलं. "त्यांनीच हिला ओढलंय."

बाईंनी एकदा वर्तुळातल्या दोन चेहऱ्यांकडं बघितलं, एकदा पांढऱ्या कपड्यांत उभ्या असलेल्या दोन माणसांकडं, एकदा माझ्याकडं. "असं ओढल्यानं हिचं नुकसान झालं का?"

"नुकसान असं म्हणता येत नाही," मी म्हटलं. "आकार मोडला हे खरं. पण ओढ बसते तिथला वायू दाबला जातो आणि नवे तारे बहुतेक तिथंच जन्मतात. मूळ चित्रात त्या लांब हातावर निळे ठिपके आहेत, ते तेच. जिला कुणी शेजारी नसतो ती सुबक राहते, पण बऱ्याचदा शांत असते."

बोलून मी बाजूला बघितलं. आप्पा माझ्याकडं टक लावून बघत होते. मी वायूबद्दलच बोलत होते. दुसऱ्या कशाबद्दल बोलायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. पण ते तसे बघत होते खरे.

बाई पुढच्या टेबलाकडं गेल्या. जाताना त्यांनी तात्यांना नमस्कार केला. तात्यांनी मला विचारलं, "चांगलं झालं का वाईट?" मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

दुपारी निकाल सांगितला. माझं नाव घेतलं तेव्हा मला ते माझं वाटलंच नाही. शेजारची मुलगी कोपरानं ढोसत होती, "आगं, तूच की!" व्यासपीठापर्यंत कशी गेले, आजही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की खाली उतरले तेव्हा आप्पांनी टोपी काढली, उगाच झटकली आणि पुन्हा घातली.

"मंग? एमएस्सी?" ते म्हणाले.

"व्हय."

"बरं."

आमच्या आप्पांच्या 'बरं'मध्ये पुष्कळ मावतं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी खिशातला गॉगल काढून लावला.

दोन दिवसांनी मी कॉलेजातून येत होते. लासुर्ण्याच्या स्टँडवर उतरले आणि समोर बघितलं. चौकात नवा फ्लेक्स. इतका मोठा, की मागचं लिंबाचं झाड झाकून गेलं होतं. 'हार्दिक अभिनंदन'. डाव्या बाजूला माझी दीर्घिका. खरी. नीट बघितलं, तरी खरीच. ओढलेला हात फ्लेक्सच्या कडेपर्यंत गेलेला, टोकाशी पुसट ठिपका, वर दुसरा ठिपका. एक रेघ इकडची तिकडं नव्हती. शुभेच्छुक खाली, आपल्या ओळीत, तिच्यापासून लांब.

आणि उजव्या बाजूला एक मुलगी. गोरीपान. ओठ गुलाबी. भुवया कोरलेल्या. लहानपणी शेजारच्यांच्या कालवडीनं शिंग मारलं होतं, त्याची माझ्या उजव्या भुवईवर लांब खूण आहे, भुवई तिथून तुटलीय. फ्लेक्सवरच्या मुलीची भुवई अखंड होती. तिच्याखाली नाव माझं होतं.

मी तिच्याकडं बघत उभी राहिले. रस्त्यानं जाणारी एक म्हातारी थांबली, फ्लेक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तुझी बहीण का गं?"

तात्या पानाच्या टपरीवरून लगबगीनं आले. चेहरा असा फुललेला, जणू दीर्घिका त्यांनीच शोधलीय.

"बघितलीस का?" ते म्हणाले. "फ्लेक्सवाला सरळ करतो म्हणत हुता. म्या मागं उभा राहून छापून घेतली. आकाशगंगेला हात लावू दिला न्हाय."